वर्षभर उभी राहिलेली आरएक्स १०० चालू होत नाहीये? कार्ब बदलायच्या आधी हे करून बघा

आमच्या अप्पांची यामाहा आरएक्स १०० ही टू-स्ट्रोक मोटरसायकल आहे, १९९२ ची, कराडजवळ गावाकडे पडवीत उभी असते. अप्पांचे गुडघे आता किक मारू देत नाहीत आणि मी पुण्यात, त्यामुळे सणावाराला गेलो की मीच दोन-चार दिवस फिरवतो. मध्ये एकदा असं झालं की मे महिन्यात शेवटची चालवली आणि हात लावला तो थेट पुढच्या वर्षीच्या गणपतीत, म्हणजे सोळा महिने, दोन पावसाळे. चाळीस-पन्नास किका मारल्या, एकदा फक्त फुस्स झालं आणि गप्प. गावातल्या एका गॅरेजवाल्याने बघितलं न बघितलं आणि सांगितलं, कार्ब (कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनात सोडणारा भाग) गेला, नवीन टाका. मी नाही टाकला, आणि कुणी टाकू नये असंच मला वाटतं, कारण या गाडीवरचा मूळ मिकुनी कार्ब जपण्यासारखा आहे आणि बाजारात स्वस्तात जे डुप्लिकेट मिळतात त्यांच्या जेटवरचा (पेट्रोल मापात सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) नंबर एक आणि भोक दुसरंच असा प्रकार मी स्वतः बघितलाय. बंद पडून राहिलेल्या गाडीचा कार्ब सहसा "जात" नाही, तो चोंदतो. दोन्हीत फरक आहे. दुपारभराचं काम आहे, नीट क्रमाने केलं तर घरी होतं.

का चोंदतो ते आधी समजून घ्या. कार्बच्या खालच्या वाटीत थोडं पेट्रोल कायम साठलेलं असतं. गाडी उभी राहिली की त्यातला हलका भाग उडून जातो आणि खाली राहतो तो चिकट राप. हळूहळू तो काकवीसारखा होतो, नंतर लाखेसारखा कडक. त्यात फेब्रुवारी २०२३ पासून पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल यायला लागलं, आता जवळपास सगळीकडे तेच मिळतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाला बसतं, म्हणजे बरोबर जिथे जेट आहेत तिथे. कार्बची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते, तिला हे सोसत नाही, पांढरी भुकटी धरते. आरएक्स आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनली, तेव्हा असलं पेट्रोल कुणाच्या डोक्यातही नव्हतं, त्यामुळे जुने रबर, ओरिंग, पाइप यांनाही ते चालत नाही, फुगतात नाहीतर तडकतात.

आता कार्बला हात लावायच्या आधी प्लग काढा. प्लग कोरडा आहे का ओला, एवढंच बघायचं. दहा-बारा किका मारूनही कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचतच नाहीये. ओला चिंब असेल तर पेट्रोल पोचतंय, मग एकतर करंट नाही किंवा जास्त पेट्रोल जातंय. प्लग कॅपमध्ये लावून इंजिनाच्या बॉडीला टेकवा आणि किक मारा, निळी कडक ठिणगी दिसली पाहिजे, पिवळी मरतुकडी चालणार नाही. हे करताना प्लगच्या भोकापासून लांब टेकवा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि भडका उडू शकतो. शंका असेल तर सरळ नवीन प्लग टाका, सगळ्यात स्वस्त पार्ट तोच आहे. करंटच नसेल तर कार्ब खोलून काही उपयोग नाही, आधी वायरिंग बघा.

टू-स्ट्रोकवाल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) चालू राहिला असेल आणि फ्लोटची सुई (वाटी भरली की तरंगणारा फ्लोट जिला वर दाबून पेट्रोल थांबवतो ती) गळत असेल तर पेट्रोल हळूहळू कार्बमधून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या बंद कप्प्यात उतरतं. वरून काही कळत नाही, पण किक जड लागते आणि प्लग सारखा भिजतो. अशा वेळी कॉक बंद करा, प्लग काढून बाजूला ठेवा, इग्निशन बंद, ॲक्सिलेटर पूर्ण उघडा आणि पंधरा-वीस किका मारा, भोकावर फडकं धरून. आत साठलेलं फवाऱ्यासारखं बाहेर येतं. आमच्या गाडीतून एवढं आलं की फडकं पिळता आलं असतं.

मग टाकी. इथेच बहुतेक लोक चुकतात, कार्ब चकाचक करतात आणि त्याच गंजक्या टाकीचं पेट्रोल परत सोडतात, दोन दिवसांत गाडी परत तिथेच. झाकण उघडून टॉर्च मारा. वास घ्या, ताज्या पेट्रोलचा वास नाकात झणकन जातो, शिळ्याचा जुन्या वॉर्निशसारखा आंबूस येतो. शिळं असेल तर सगळं काढा, नवीन पेट्रोल वरून मिसळून भागवू नका. कॉकचा पाइप काढून तो बाटलीत सोडा आणि धार बघा, सलग यायला पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर कॉकची जाळी चोंदलीय, कॉक काढून ती धुवा. धार आधी चांगली आणि मग मंद होत गेली तर टाकीच्या झाकणाचं हवेचं बारीक भोक बुजलंय, झाकण सैल केल्यावर धार परत वाढली की खात्री झाली. गाडी दोन किलोमीटर झकास चालते, मग बंद पडते, पाच मिनिटांनी परत चालू होते, ही तक्रार निम्म्या वेळा या भोकाचीच असते आणि लोक तेवढ्यासाठी कार्ब तीनतीनदा खोलतात. आत गंजाचे पापुद्रे असतील तर टाकी काढून मूठभर नट-बोल्ट आणि थोडं पेट्रोल टाकून खळखळून हलवायची, दोन-तीनदा धुवायची, आणि पुढे कॉक आणि कार्बच्या मध्ये छोटा पारदर्शक फिल्टर बसवायचा. पेट्रोलचा पाइप कडक झाला असेल तर नवीनच घ्या, आणि इथेनॉलला चालणारा मागून घ्या.

कार्ब काढताना आजूबाजूची माती आधी ब्रशने झाडून घ्या, नाहीतर ती इंजिनात पडते. वरची चुडीवाली टोपी फिरवून स्लाइड (ॲक्सिलेटर पिळला की वर उचलला जाणारा दट्ट्या), त्यात अडकवलेली सुई आणि केबल एकत्र बाहेर ओढायची आणि फडक्यात गुंडाळून हँडलला अडकवून ठेवायची, केबलपासून सोडवायची सध्या गरज नाही. कार्ब निघाला की इंजिनाच्या तोंडात स्वच्छ कापड खुपसा. मोबाइलवर प्रत्येक पायरीचा फोटो काढत जा, जोडताना उपयोगी पडतो. काम उघड्यावर करा, आसपास चूल, बिडी, देवघरातला दिवा काही नको.

वाटीचे स्क्रू. यांना घाई केली की डोकी जातात. ते साध्या फिलिप्सचे दिसतात पण जपानी घडणीचे असतात, आपला टोकदार स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, घसरतो आणि खाच खातो. बरोबर बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या, वरून जोर देऊन फिरवा, नाहीच हलला तर उकळतं पाणी ओता, दोन मिनिटं थांबा, मूठीवर हातोडीची हलकी थाप द्या आणि परत बघा.

आमची वाटी उघडली तेव्हा आत पेट्रोल नव्हतंच. तळाला तपकिरी थर, बोट लावलं तर तार सुटेल असा चिकट, कडेला हिरवट पांढरी भुकटी, आणि ओव्हरफ्लोच्या पाइपात मातीचा गोळा. कुंभारीण माशीने घर केलं होतं! गावाकडे उभ्या गाडीत हे हमखास होतं, कुठलीही बोटाएवढी नळी दिसली की ती माती भरते. कार्बच्या हवेच्या नळीतही हेच होऊ शकतं, आणि ती बुजली तर वाटीत पेट्रोल नीट उतरत नाही, बाकी सगळं साफ असूनही. म्हणून प्रत्येक नळीतून फुंकून बघा.

आता खरा गुन्हेगार. वाटीच्या वर मधोमध जो मोठा पितळी जेट दिसतो तो मेन जेट, त्याचं भोक मोठं असतं, तो क्वचितच पूर्ण बुजतो. त्याच्या शेजारी खोल खड्ड्यात एक बारीक जेट असतो, पायलट जेट, आपले मेकॅनिक त्याला स्लो जेट म्हणतात. चालू होणं, स्लोवर (ॲक्सिलेटर न देता) इंजिन चालू राहणं, ॲक्सिलेटर थोडा उघडणं हे सगळं त्याच्यावर चालतं, आणि त्याचं भोक इतकं बारीक की रापाच्या एका थेंबाने बंद होतं. चोक ओढला की कशीबशी चालते आणि चोक सोडला की मरते, असं असेल तर डोळे मिटून हाच जेट समजा. काढताना बरोबर रुंदीचा चपटा स्क्रूड्रायव्हर वापरा, पितळ मऊ आहे, खाच मोडली की आतच राहील. काढल्यावर आभाळाकडे धरून डोळा लावा. गोल, स्वच्छ, कडा असलेला प्रकाशाचा ठिपका दिसला पाहिजे. आमच्यात आधी काहीच दिसलं नाही, कार्ब क्लीनरमध्ये अर्धा तास ठेवल्यावर चंद्रकोरीसारखी रेघ दिसली, म्हणजे भोक अजून अर्धं बुजलेलंच. तिथे समाधान मानून जोडला असता तर परत खोलावा लागला असता. विजेच्या लवचिक वायरमधली तांब्याची एकच तार काढून अलगद फिरवली, परत स्प्रे, परत हवा, तेव्हा कुठे गोल ठिपका आला. सुई, टाचणी, स्टीलची तार कधीही घालू नका, पितळेचं भोक मोठं होतं आणि मग तो जेट तुमच्या गाडीचा राहत नाही.

जेट साफ झाला म्हणजे काम झालं असं नाही, कारण तो जिथे बसतो तिथून पुढे बॉडीतून बारीक बोगदे जातात आणि स्लाइडच्या खाली दोन टिचभर भोकांतून बाहेर येतात. राप तिथेही असतो. बाहेरच्या एअर स्क्रूपासून (स्लोवर किती हवा जाईल ते ठरवणारा स्क्रू) सुरुवात करा. काढायच्या आधी तो हळूच पूर्ण आत फिरवा आणि किती फेरे झाले ते मोजून कागदावर लिहा, साधारण दीडच्या आसपास निघतात. आत टेकला की थांबायचं, आवळायचा नाही, टोक मोडतं. मग काढा, बारीक स्प्रिंग सांभाळा. सगळे रबर, ओरिंग, फ्लोट आधी बाजूला ठेवा कारण क्लीनर त्यांना खातो, चष्मा घाला, आणि स्क्रूच्या भोकातून स्प्रेची नळी टेकवून मारा. स्प्रे पायलट जेटच्या खड्ड्यातून आणि स्लाइडखालच्या भोकांतून, दोन्हीकडून बाहेर आला पाहिजे. एका बाजूने येत नसेल तर दुसरं तोंड बोटाने दाबून परत मारा. हट्टाने बसलेला राप असेल तर नुसती बॉडी गरम पाण्यात पंधरा मिनिटं उकळा, मऊ पडतो. व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवायचे सल्ले मिळतात, ते ऐकू नका, जस्ताची बॉडी काळी पडते आणि खड्डे पडतात. शेवटी पंक्चरवाल्याकडे जाऊन कॉम्प्रेसरची हवा मारून घ्या.

फ्लोट हलवून बघा, आत पेट्रोल खळखळलं तर फुटलाय, बदला. फ्लोटच्या सुईचं टोक नखाने चाचपा, गोल खाच लागत असेल तर ती गळणार. सोपी परीक्षा अशी की सुई आणि फ्लोट बसवा, पेट्रोलच्या नळीला पाइप लावून तोंडाने फुंका. कार्ब सरळ धरल्यावर हवा जायला पाहिजे, उलटा केल्यावर फ्लोटच्या वजनाने पूर्ण बंद व्हायला पाहिजे. उलटं करूनही हवा जात असेल तर गाडी उभी असताना पेट्रोल टपटपणारच. सुई आणि सीट (सुई जिथे टेकते तो भाग) नवीन घालताना वाटीचं पॅकिंगही नवीन घाला.

स्लाइड फडक्याने पुसा, सँडपेपरने घासू नका. स्लाइडमधल्या सुईवरची क्लिप कुठल्या खाचेत आहे ते बघून ठेवा आणि तिथेच राहू द्या, गाडी उभी राहून क्लिपची जागा बदलत नाही. चोकचा छोटा दट्ट्या काढून त्याच्या बुडाचं रबर बघा, फुगलं किंवा तुटलं असेल तर चोक कायम थोडा उघडा राहतो, गाडी धूर टाकते, घोगरी चालते आणि प्लग काळा करते.

जोडताना स्लाइडची तिरकी कापलेली बाजू एअर फिल्टरकडे. बॉडीतली खीळ स्लाइडच्या खाचेत बसली पाहिजे, दाबून बसवायची वेळ आली तर काहीतरी चुकतंय. टोपी लावल्यावर गाडी चालू न करता ॲक्सिलेटर पूर्ण पिळून सोडा, स्लाइड टक्क आवाज करून खाली आपटली पाहिजे, हँडल पूर्ण डावीकडे आणि उजवीकडे वळवूनही. हे तपासल्याशिवाय किक मारायची नाही, ॲक्सिलेटर उघडा अडकला तर गाडी हाताबाहेर जाते. एअर फिल्टरचा फोम हातात भुगा होत असेल तर नवीन टाका, फिल्टरशिवाय चालवू नका, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी.

चालू करायच्या आधी टूटी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर जळणारं ऑइल. आरएक्समध्ये ऑइल पंपाने वेगळं जातं, पण वर्षभर उभ्या गाडीच्या पाइपात हवा शिरलेली असू शकते, आणि पंप कोरडा फिरला तर पिस्टन जाम होतो. पंपाला हवा काढायचा स्क्रू असतो, तो सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्या. शिवाय पहिल्या लिटरभर पेट्रोलमध्ये मी २५ मिली टूटी वरून मिसळतो, थोडा धूर जास्त येतो पण मन निश्चिंत राहतं.

कॉक उघडा आणि दोन मिनिटं नुसतं बघत बसा, कुठून गळतंय का. मग चोक ओढून, ॲक्सिलेटरला हात न लावता किक. आमची सहाव्या किकेला लागली. अप्पा आतून काठी न घेताच बाहेर आले.

पाच-दहा मिनिटं फिरवून इंजिन गरम करा, मगच ट्यूनिंग. स्लो स्क्रूने स्लो जरा चढी ठेवा, मग एअर स्क्रू पाव-पाव फेरा आत-बाहेर करून जिथे आवाज सगळ्यात चढा आणि एकसारखा लागेल तिथे थांबा, आणि स्लो परत खाली आणा. या गाडीत स्क्रू फिल्टरच्या बाजूला आहे, तो हवा सोडतो, म्हणून आत फिरवला की मिश्रण घट्ट होतं. काही गाड्यांच्या कार्बला तो इंजिनाच्या बाजूला असतो, तिथे उलटं, आत फिरवला की पातळ. दुसऱ्याच्या गाडीवरचा सल्ला आपल्या गाडीला लावताना हे लक्षात ठेवा. स्क्रू तीन फेऱ्यांपेक्षा जास्त बाहेर काढूनही किंवा पूर्ण आत नेऊनही फरक पडत नसेल तर पायलटचा बोगदा अजून चोंदलेला आहे, परत खोला. कंटाळा येतो, मान्य आहे, पण स्क्रूने चोंदलेलं भोक उघडत नाही.

तरी रस्त्यावर काही खटकत असेल तर ॲक्सिलेटरच्या मुठीवर चिकटपट्टी लावून बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा आणि कुठल्या खुणेला गाडी आचका देते ते बघा. पावच्या आत असेल तर पायलट. पाव ते पाऊणच्या मध्ये असेल तर स्लाइडमधली सुई आणि ती ज्यात वर-खाली होते तो जेट, तिथेही राप धरतो. पाऊणच्या पुढे तोंड मारत असेल तर मेन जेट, किंवा पेट्रोल पुरेसं येत नाही, परत टाकीची धार बघा. वेगाचा इथे संबंध नाही, मूठ किती पिळलीय त्याचा आहे.

एक लक्षण मात्र दिसलं की गाडी लगेच बंद करा. ॲक्सिलेटर सोडला तरी रेस खाली येत नाही, स्लो आपोआप वर चढते. म्हणजे कुठूनतरी जास्तीची हवा आत जातेय. कार्ब इंजिनाला जिथे बसतो त्या जोडावर साबणाचं पाणी ब्रशने लावा, चालू इंजिनाचा आवाज तेवढ्यात बदलला तर गळती तिथेच, ते रबर किंवा पॅकिंग बदला. तिथे काही नसेल तर मॅग्नेटच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील वाळून कडक झालेलं असू शकतं, उभ्या गाडीत ते होतं. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं, दाट पांढरा धूर येतो आणि ऑइल कमी होत राहतं. सीलचं काम मेकॅनिककडे द्या, पण तोवर चालवू नका, पातळ मिश्रणावर टू-स्ट्रोकचा पिस्टन किती लवकर धरतो ते ज्याने अनुभवलंय तोच सांगेल.

आता परत उभी करून ठेवताना. मी हल्ली गावाहून निघायच्या आदल्या दिवशी कॉक बंद करून गाडी चालू ठेवतो, वाटीतलं पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडेपर्यंत. शेवटी आवाज चढायला लागला की चोक ओढून लगेच मरू देतो, पातळ मिश्रणावर रेटत नाही. मग वाटीचा खालचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब काढतो, कारण संपलं तरी चमचाभर राहतंच. महिना-दीड महिन्याचा प्रश्न असेल तर टाकी गच्च भरून ठेवतो म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. पावसाळाभर राहणार असेल तर टाकी रिकामी करून, सुकवून आत टूटी ऑइल फिरवून ठेवतो. प्लग काढून चमचाभर टूटी सिलिंडरमध्ये आणि दोन किका, इग्निशन बंद ठेवून. आणि कार्बच्या सगळ्या नळ्यांच्या, सायलेन्सरच्या तोंडाला सुती कापडाची चिंधी बांधतो, प्लास्टिक नाही, त्यात ओल धरते. चिंध्या लाल रंगाच्या घ्या, म्हणजे पुढच्या वेळी चालू करताना काढायच्या राहून जात नाहीत.